हेवीवेट लढतीचं घोडं कुठे पेंड खातंय, हे कसं ओळखायचं

मोठ्या हेवीवेट लढतीची बातमी आली की बॉक्सरांनी एकमेकांना काय सुनावलं ते आधी बाजूला ठेवा. एका कागदावर चार उत्तरं लिहा. दोघांचे प्रमोटर, म्हणजे लढत भरवणारे आयोजक, कोण? त्यांचे करार कोणत्या प्रसारकाशी आहेत? कोणत्या पट्ट्यासाठीची (जगज्जेतेपदासाठीची) सक्तीची लढत, म्हणजे बॉक्सिंग संघटनेने ठरवलेल्या आव्हानवीराशी लढावीच लागणारी लढत, थकली आहे? आणि दोघांपैकी कोणाच्या मागच्या लढतीच्या करारात फेरलढतीचं कलम, म्हणजे त्याच प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा लढण्याची अट, शिल्लक आहे का? यातलं एक जरी उत्तर अडचणीचं निघालं, तर तारीख जाहीर झालेली असली तरी ती कच्ची समजा.

प्रसारकापासून सुरुवात करा, कारण हमीचा पैसा बहुतेक वेळा तिथूनच येतो. दोघं एकाच प्रसारकाच्या दावणीला असतील तर वाद फक्त रकमेचा उरतो. वेगवेगळ्या असतील तर निर्मिती कोणाची, समालोचक कोणाचे, पे-पर-व्ह्यू (एकाच लढतीसाठी प्रेक्षकाने वेगळे पैसे मोजून घ्यायचं प्रसारण) कोण विकणार, फेरलढत कोणाच्या वाहिनीवर, अशी यादी वाढत जाते. लेनॉक्स लुईस एचबीओचा आणि माइक टायसन शोटाइमचा. त्यामुळे दोन्ही वाहिन्यांनी एकत्र प्रसारण मान्य केल्यावरच ८ जून २००२ ची मेम्फिसची लढत होऊ शकली. २०२० मध्ये वाइल्डर आणि फ्युरीच्या दुसऱ्या लढतीसाठी ईएसपीएन आणि फॉक्स यांनी तेच केलं. म्हणून या दोन प्रसारकांनी पूर्वी कधी एकत्र काम केलंय का, ते तपासा. केलं असेल तर निदान मसुदा तयार असतो.

प्रमोटरांचं वैर खरं असतं, पण बाहेरून पुरेसा पैसा आला की ते गुंडाळून ठेवता येतं. एडी हर्न (मॅचरूम) आणि फ्रँक वॉरन (क्वीन्सबेरी) वर्षानुवर्षं एकमेकांशी व्यवहार टाळत होते. सौदी पैसा मध्ये आल्यावर २३ डिसेंबर २०२३ ला रियाधमध्ये दोघांचे बॉक्सर एकाच कार्यक्रमात उतरले. त्याच रात्रीने आणखी एक धडा दिला. योजना होती की जोशुआ आणि वाइल्डर आपापली लढत जिंकतील आणि मग एकमेकांसमोर येतील. जोशुआने वॉलिनला हरवलं, वाइल्डर मात्र पार्करकडून गुणांवर हरला, आणि मोठी लढत तिथेच विरली. भाव वाढावा म्हणून प्रमोटर लढत मुरत ठेवतात. अशा वेळी मधल्या लढतीतला प्रतिस्पर्धी किती धोक्याचा आहे हे बघून अंदाज बांधा.

आता पैशाचा हिशोब. सक्तीचा आव्हानवीर ठरला की संघटना दोन्ही बाजूंना बोलणीसाठी मुदत देते, बहुधा ३० दिवस. एकमत झालं नाही तर पर्स बिड होते: इच्छुक प्रमोटर बंद लिफाफ्यात बोली देतात आणि सर्वांत मोठ्या बोलीवाल्याला आयोजनाचा हक्क मिळतो. बोलीची रक्कम बॉक्सरांची. प्रमोटरने ती तिकिटं, प्रसारण आणि यजमान शहराकडून वसूल करायची. जानेवारी २०२२ मध्ये फ्युरी-व्हाइट लढतीसाठी वॉरनची बोली ४ कोटी १० लाख २५ हजार डॉलर होती, हर्नची ३ कोटी २२ लाख २२ हजार २२२. डब्ल्यूबीसी या संघटनेच्या नियमाने १० टक्के, म्हणजे ४१ लाख २५०० डॉलर, जिंकणाऱ्यासाठी बाजूला काढले. उरलेल्याचे वाटे ८०-२०: फ्युरीला सुमारे २ कोटी ९५ लाख, व्हाइटला सुमारे ७४ लाख. असा हिशोब स्वतः करून बघितला की आव्हानवीर बोलणी मुद्दाम का लांबवतोय किंवा घाईने सही का करतोय, हे उमगतं. बोलणीत २० टक्क्यांहून बरं काही मिळत नसेल, तर बोलीची वाट पाहणंच त्याच्या फायद्याचं.

बोलीमध्ये एखादा बाहेरचा धनिक उतरला तर सगळं गणित उलटतं. २०१३ मध्ये रशियन उद्योजक आंद्रेई र्‍याबिन्स्की यांनी क्लिच्को-पोवेत्किनसाठी सुमारे २ कोटी ३३ लाख डॉलरची बोली लावली. दुसऱ्या क्रमांकाची बोली तिच्या एक तृतीयांशही नव्हती. जगज्जेता क्लिच्को असूनही त्याला आव्हानवीराच्या देशात, मॉस्कोत, लढावं लागलं.

छापून येणारे आकडे जपून वापरा. अमेरिकेत राज्याच्या आयोगाकडून बाहेर येणारी रक्कम म्हणजे बहुधा किमान हमी. पे-पर-व्ह्यूचा वाटा तिच्यात नसतो. पे-पर-व्ह्यूच्या एकूण विक्रीतलाही साधारण अर्धा भाग केबल आणि वितरण कंपन्याच ठेवत आल्या आहेत. त्यामुळे विक्री गुणिले किंमत करून बॉक्सरची कमाई काढू नका.

पट्ट्यांचं राजकारण हे त्याहून किचकट. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चारही संघटनांचे सक्तीचे आव्हानवीर वेगळे आणि मुदती वेगळ्या. प्रत्येक संघटना बॉक्सरच्या मानधनातून शुल्क घेते, साधारण ३ टक्के. चारही पट्टे एकाकडे असले की कोणीतरी रांगेत ताटकळतोच. २८ नोव्हेंबर २०१५ ला फ्युरीने क्लिच्कोला हरवलं आणि दोन आठवड्यांच्या आत आयबीएफने पट्टा काढून घेतला. कारण क्लिच्कोशी फेरलढत करारानं बांधलेली होती आणि आयबीएफला सक्तीचा आव्हानवीर ग्लाझ्कोव्ह याच्याशी लढत हवी होती. २०२४ मध्ये उसिकने फ्युरीला हरवून चारही पट्टे मिळवले. फ्युरीशी फेरलढत ठरलेली असल्याने जूनमध्येच त्याला आयबीएफचा पट्टा सोडावा लागला आणि तो ड्युब्वाकडे गेला. मोठ्या लढतीच्या पोस्टरवर चार पट्टे दिसले तर घंटा वाजेपर्यंत चारही टिकतील असं धरू नका.

रांगेतल्या माणसाला बाजूला करायचं असेल तर पैसे मोजावे लागतात. १९९६ मध्ये टायसनला सेल्डनशी लढता यावं म्हणून लुईसला ४० लाख डॉलर देऊन थांबवलं गेलं. आव्हानवीराच्या गोटातून अचानक शांतता पसरली, तर असं काही शिजतंय का ते बघा.

सगळ्यात जास्त लढती मोडतात त्या फेरलढतीच्या कलमावर. मे २०२१ मध्ये फ्युरी-जोशुआ लढत १४ ऑगस्टला सौदी अरेबियात होणार असं खुद्द फ्युरीने सांगितलं. लगेच लवादाने निकाल दिला की वाइल्डरला तिसऱ्या लढतीचा हक्क आहे, आणि सगळं बारगळलं. एप्रिल २०२३ मध्ये फ्युरी-उसिक वेम्बलीत होणार होती. उसिकने ७०-३० अशी विषम वाटणीही मान्य केली, पण फेरलढतीच्या अटींवरून बोलणी फिसकटली. म्हणून टक्केवारी ठरल्याची बातमी आली तरी आनंद आवरा आणि कलमाबद्दल हे विचारा: ते एकतर्फी की दोन्ही बाजूंना? फेरलढतीत वाटे उलटतात का? ठिकाण कोण ठरवणार? जोशुआला रुईझने जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पाडलं. सहा महिन्यांनी फेरलढत झाली ती सौदीतल्या दिरियाहमध्ये, कारण निर्णय जोशुआच्या बाजूच्या हातात होता.

त्याच जातीचं दुसरं कलम म्हणजे ऑप्शन. संधी देताना जगज्जेत्याचा प्रमोटर आव्हानवीराच्या पुढच्या लढतींवर हक्क मागतो, म्हणजे पट्टा गेला तरी धंदा हातात राहतो. अमेरिकेच्या २००० सालच्या मुहम्मद अली कायद्याने अशा जबरदस्तीच्या हक्कांना १२ महिन्यांची मर्यादा घातली आणि प्रमोटरने त्या लढतीतून किती कमावलं ते बॉक्सरला सांगणं बंधनकारक केलं. लढत अमेरिकेबाहेर नेली की हे संरक्षण गृहीत धरता येत नाही.

बातमी पक्की कधी मानायची? मैदानाचं नाव, दोन्ही प्रसारकांचं अधिकृत निवेदन, संघटनेची मंजुरी आणि तिकीटविक्रीची तारीख, चारही हातात आल्यावर. 'तोंडी सहमती' आणि 'फक्त कागदपत्रं बाकी' या शब्दांना शून्य गुण द्या. फ्युरी-जोशुआ लढत अशा शब्दांवर कित्येक महिने जिवंत होती.