आजार असेल तर डायव्हिंगचा फॉर्म घरीच भरा

स्कूबाच्या बोटीवर चढताना हातात आरोग्याची प्रश्नावली येते, आणि एका प्रश्नाला 'हो' लिहिलं की डॉक्टरांची सही मागतात. तिथे डॉक्टर कुठून आणणार? पैसे भरलेले असतात, मग लोक सरळ 'नाही' लिहून मोकळे होतात. घोळ तिथेच होतो.

1. बुकिंगच्या आधीच सेंटरकडून फॉर्म मागवून घ्या. बहुतेक ठिकाणी 10 प्रश्नांचा तोच ठरलेला फॉर्म असतो, डॉक्टरांच्या सहीचं पान सोबतच असतं.
2. दमा, फिट येणं, हृदयविकार, मधुमेह, कानाचं ऑपरेशन, रोजच्या गोळ्या, सगळं खरं लिहा.
3. 'हो' आलं तर ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा. डायव्हिंगची माहिती असलेले मिळाले तर उत्तमच. नेहमीच्या डॉक्टरांसाठी त्याच फॉर्मबरोबरची मार्गदर्शिका नेटवर मोफत मिळते, ती छापून न्या.

'हो' म्हणजे नकार नव्हे. नीट आटोक्यात असलेला मधुमेह किंवा दमा असणाऱ्या काहींना परवानगी मिळते. गरोदरपणात मात्र नकोच. पूर्वी आपोआप फुफ्फुस फाटून छातीत हवा भरली असेल, तर सहसा कायमचा नकार मिळतो: 10 मीटरवरून वर येताना कोंडलेली हवा दुप्पट फुगते.

आणि सही जुनी झाली नसली तरी त्या दिवशी सर्दीने कान मोकळे होत नसतील, तर पाण्यात उतरू नका. नाक मोकळं करणाऱ्या गोळीचा असर पाण्याखालीच उतरला, तर वर येताना कान अडकतो.