रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढावेत

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या लॅबच्या खिडकीवर बायोप्सीचे पैसे भरले की हातात पावती मिळते आणि 'रिपोर्ट सहा-सात दिवसांनी मिळेल' एवढे एकच वाक्य ऐकायला मिळते. ते सहा-सात दिवस कसे काढायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात माझ्या आईच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, आणि आमच्या घराने तो आठवडा फार वाईट रीतीने काढला. आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्यांतल्या बहुतेक टाळता येण्याजोग्या होत्या; म्हणून ज्यांच्या घरी आज अशी पावती येऊन पडली आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पहिले काम खिडकीवरून हलण्यापूर्वीचे आहे. नेमकी कोणती तपासणी होणार आहे, साधारण किती दिवस लागतील, पुढची एखादी तपासणी लागली तर आणखी किती दिवस जातील, रिपोर्ट थेट आपल्याकडे येणार की डॉक्टरांकडे, आणि ठरलेल्या दिवशी आला नाही तर कोणत्या नंबरवर विचारायचे, हे सर्व तिथेच विचारून पावतीच्या मागे लिहून घ्यावे. आपला मोबाइल नंबर त्यांनी नोंदवला असेल तर तो त्यांच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावा. हे सांगण्याला कारण आहे. आईचा रिपोर्ट गुरुवारीच तयार झाला होता, परंतु लॅबमध्ये आमच्या नंबरातला एक आकडा चुकीचा लिहिला गेल्यामुळे तो आमच्यापर्यंत पोहोचलाच नाही. आम्ही मात्र 'इतका उशीर का होतो आहे, काहीतरी वाईटच निघाले असणार' असे समजून दोन दिवस जेवणावर वासना नसल्यासारखे वावरत होतो. शनिवारी संध्याकाळी दादाने फोन केला तेव्हा ही चूक उघडकीस आली.

उशीर म्हणजे वाईट बातमी, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. ती सैल व्हावी यासाठी त्या तुकड्याचे पुढे काय होते हे ठाऊक असणे उपयोगी पडते. तुकडा प्रथम फॉर्मालिनमध्ये ठेवतात, म्हणजे त्यातल्या पेशी कुजत नाहीत आणि त्यांचा आकार टिकतो. स्तनाच्या तुकड्यासाठी ही मुदत किमान 6 आणि जास्तीत जास्त 72 तास मानली जाते. त्यानंतर क्रमाक्रमाने तीव्र होत जाणाऱ्या अल्कोहोलमधून त्यातले पाणी काढतात, झायलीनमधून नेतात आणि वितळलेल्या मेणात तो बसवतात. मेणाचा ठोकळा घट्ट झाला की मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने मोजावे लागणारे, काप घेतात. ते काचपट्टीवर पसरून रंगवतात. पेशींची केंद्रके निळसर जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसू लागतो. मग पॅथॉलॉजिस्ट ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एखादी जागा स्पष्ट दिसली नाही तर त्याच ठोकळ्यातून पुन्हा काप घ्यावा लागतो किंवा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही वेगळ्या रंगांची तपासणी लावावी लागते, आणि त्यात आणखी काही दिवस जातात. हाडाचा तुकडा असेल तर त्यातला चुना आधी विरघळवावा लागत असल्यामुळे आणखी वेळ जातो. यांपैकी कोणत्याही कारणाने झालेल्या उशिरावरून निकाल चांगला की वाईट हे ठरवता येत नाही.

प्रत्येक तपासणीचे घड्याळ वेगळे असते. बारीक सुईने पाणी किंवा पेशी ओढून केलेल्या तपासणीचा निकाल बहुधा एक-दोन दिवसांत मिळतो. क्षयरोगासाठी बेडक्यातल्या जंतूंची जनुके शोधणारी सीबीनॅट तपासणी यंत्रात साधारण दोन तासांत पूर्ण होते, परंतु त्याच बेडक्याचे कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, द्रवमाध्यमात 42 दिवसांपर्यंत ठेवावे लागते, कारण क्षयाचे जंतू फार सावकाश वाढतात. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी बऱ्याच घरांतून होते, तिथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. सुरुवातीची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीनंतरच कळते. या दोन रिपोर्टांच्या मधल्या दिवसांत लग्न जुळण्याच्या, मोडण्याच्या गोष्टी घराघरांत सुरू झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि अर्ध्या माहितीवर कोणाच्या मुलीचे किंवा मुलाचे आयुष्य ठरवू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

आता मनाचे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची अनेक महिने वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. चिंता सुरुवातीला आणि निकाल जवळ आल्यावर सर्वांत जास्त असते, मधल्या काळात थोडी उतरते, असे त्यात दिसले. मनाची समजूत घालण्याच्या नेहमीच्या उपायांनी त्या काळातला त्रास फारसा कमी झाला नाही. मात्र ज्यांनी तो काळ तळमळत काढला त्यांनी वाईट निकालाला अधिक समर्थपणे तोंड दिले आणि चांगल्या निकालाचा आनंदही अधिक मानला. परीक्षेचा निकाल आणि तुकड्याचा रिपोर्ट यांत अंतर आहे, हे खरे. तरीही मला यातून फार दिलासा मिळाला. भीती वाटते म्हणजे आपण कमकुवत आहोत, असे समजण्याचे कारण नाही. म्हणून 'सकारात्मक विचार कर' असे घोकणाऱ्या नातेवाइकांचे ऐकून मनाशी भांडत बसू नये.

भीतीला दिवसातला एक ठरावीक वेळ नेमून देणे मात्र शक्य आहे. संध्याकाळी पाच ते सव्वापाच, किंवा आपल्याला जमेल ती पंधरा-वीस मिनिटे ठरवावीत, वही घेऊन बसावे, आणि जे जे वाईट सुचते ते सर्व लिहून काढावे. दिवसभरात मध्येच विचार आला तर 'पाच वाजता' असे म्हणून तो वहीकडे सोपवावा. पहिल्या दिवशी हे जमत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडे जमू लागते. लिहिताना ज्या शंकांचे उत्तर केवळ डॉक्टरच देऊ शकतात त्यांपुढे खूण करावी. तीच पुढे डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी होते.

उरलेल्या वेळेत हात आणि डोळे दोन्ही गुंततील असे काम हवे. टीव्ही त्यासाठी पुरत नाही, कारण त्यात मन सहज निसटते. आईने त्या आठवड्यात मुंगवड्या घातल्या. रात्री मुगाची डाळ भिजवायची, पहाटे आले-मिरची घालून ती भरड वाटायची, आणि एप्रिलचे ऊन चढण्यापूर्वी गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर एकसारख्या ओळींत वड्या टाकायच्या. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट जवळ आणून ती पिठाची टोके काढत असे आणि एखादी वडी मोठी झाली तर चिमटीने कमी करत असे. त्या तासाभरात तिने एकदाही 'काय निघेल ग' असे विचारले नाही. दुपारी मात्र, रिकामी बसली की, पुन्हा तोच प्रश्न. कोणाला शिवण जमेल, कोणाला जुन्या कागदपत्रांच्या फाइली लावणे, कोणाला सकाळी फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर चक्कर मारणे. काम थोडे अवघड आणि ज्याचा शेवट डोळ्यांना दिसेल असे असावे, एवढे पाहावे.

रात्रीसाठी एवढेच, की वीस मिनिटे झोप आली नाही तर अंथरुणात कूस बदलत राहण्यापेक्षा उठून मंद उजेडात बसावे, श्वास घेतो त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लावावा आणि झोप येऊ लागली की पुन्हा आडवे व्हावे. संध्याकाळनंतर चहा नको. फोन दुसऱ्या खोलीत असावा.

कोणाला सांगावे हेही पहिल्याच दिवशी ठरवावे. आपल्या मोहल्ल्यात 'आला का जी रिपोर्ट?' हा प्रश्न आपुलकीनेच विचारला जातो, पण तो दिवसातून सहा वेळा आला की रुग्णाला प्रत्येक वेळी नव्याने घाबरावे लागते. दोन किंवा तीन माणसांना सांगावे, आणि बाकीच्यांना उत्तर देण्याचे काम घरातल्या एकाने अंगावर घ्यावे. रुग्णापासून मात्र काही लपवू नये. आईला आधी 'साधी तपासणी आहे' असे सांगितले होते. पावतीवरचा 'बायोप्सी' हा शब्द तिने स्वतः वाचला, आणि त्यानंतर आमच्या कोणत्याच बोलण्यावर तिचा विश्वास बसेना.

सर्वांत मोठी चूक रिपोर्ट उघडण्यात झाली. शनिवारी रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तो व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि दादाने जिन्यात उभे राहून एकट्यानेच तो वाचला. त्यात 'युज्वल डक्टल हायपरप्लेझिया' आणि त्याखाली 'नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी' असे लिहिले होते. दुसऱ्या ओळीचा अर्थ कर्करोग आढळला नाही असा आहे, परंतु घाबरलेल्या माणसाच्या डोळ्यांत 'मॅलिग्नन्सी' एवढाच शब्द भरतो. त्याने पहाटेपर्यंत मोबाइलवर शोध घेतला, कोणाला काही बोलला नाही, आणि रविवारी डॉक्टर भेटणे शक्य नव्हते. सोमवारी डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितले, की दुधाच्या नलिकांतल्या पेशींची ही साधी वाढ आहे, कर्करोग नाही.

म्हणून रिपोर्ट कोण उघडणार, कोणासोबत आणि कधी, हे आधी ठरवावे. डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलता येणार नसेल तर रात्री तो उघडू नये. शक्य असेल तर त्यांच्यासमोरच उघडावा आणि सोबत लिहून घेणारे एक माणूस न्यावे. शब्दांच्या बाबतीतही सावध राहावे. तपासणीच्या भाषेत 'निगेटिव्ह' हा बहुतेक वेळा आपल्याला हवा असलेला निकाल असतो. 'निओप्लाझम' म्हणजे नवी वाढ, ती निरुपद्रवीही असू शकते. 'इनअ‍ॅडिक्वेट' म्हणजे नमुना पुरेसा नव्हता, तपासणी पुन्हा करावी लागेल. रक्ताच्या रिपोर्टात ठळक अक्षरांत आलेला प्रत्येक आकडाही आजार सांगत नाही: सामान्य मर्यादा बहुधा निरोगी लोकांपैकी 95 टक्के लोक ज्यात बसतात तेवढीच आखलेली असते, त्यामुळे परस्परांशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते.

निकाल वाईट आला किंवा पटला नाही तर बायोप्सीचा मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या लॅबकडून मागून घेऊन दुसरे मत घेता येते. त्यासाठी नागपूरकरांना मुंबईच गाठावी लागते असे नाही; मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, मिहानमधले एम्स आहे, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. आणि वाट पाहण्याच्या काळातच सलग काही रात्री झोप नसेल, छातीत धडधडून श्वास अडकत असेल, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या 14416 या नंबरवर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

डॉक्टरांनी आईला सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगितले होते. ऑक्टोबरमध्ये आम्ही गेलो तेव्हा खिडकीवर तिने आम्हाला मागे सारले, चष्मा लावला, आणि समोरच्या मुलीकडून आमच्या मोबाइल नंबरचे दहाही आकडे एकेक करून वाचून घेतले.