मॅक्रो सुरू करताय? लेन्सच्या आधी उजेडाचं बघा

मॅक्रो, म्हणजे किड्यांसारख्या बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो, करायचं म्हटलं की पहिला प्रश्न कुठली लेन्स घेऊ हाच असतो, पण माझं स्पष्ट मत आहे, पैसे मोजके असतील तर आधी फ्लॅश आणि डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा, घ्या. १:१ ला, म्हणजे किडा जेवढा तेवढाच सेन्सरवर पडतो तेव्हा, साधारण २ स्टॉप उजेड कमी होतो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो, त्यात फोकस जेमतेम मिलिमीटरभर म्हणून आपण अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, लहान करून एफ ८, एफ ११ लावणार, आणि आमच्या सोलापूरच्या हिप्परगा तलावाच्या काठावर वारं तर थांबतच नाही, मग नुसत्या उन्हावर शटर स्पीड मिळणार कुठून? फ्लॅश असला की १/२०० ला पण किडा स्थिर येतो. डिफ्यूझर मोठा आणि किड्याच्या जवळ पाहिजे, नाहीतर भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो. पॅकिंगचा पांढरा फोम लावून पण मस्त काम होतं.

आता लेन्स. ५० एमएम असेल तर एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे बॉडी आणि लेन्सच्या मध्ये लावायच्या पोकळ नळ्या, घ्या, १२, २० आणि ३६ एमएमचा सेट येतो, तिन्ही लावले की १:१ च्या पुढे जाता. पण कॉन्टॅक्टवालेच, म्हणजे बॉडी आणि लेन्सला विजेने जोडणारे, घ्या. मी स्वस्तातले बिनकॉन्टॅक्टचे घेतले, बॉडीवरून अ‍ॅपर्चरच बदलेना, चतुराचा एक डोळा शार्प आणि बाकी सगळं धूसर, अख्खी सकाळ गेली.

५५-२५० सारखी झूम असेल तर रेनॉक्स डीसीआर-२५० हे लेन्सपुढे लावायचं भिंग बघा, ८ डायॉप्टर ताकदीचं आहे, ५२ ते ६७ एमएमच्या लेन्सला क्लिपने बसतं आणि किड्यापासून साधारण १२ सेमी लांब राहता येतं, हे अंतर फार महत्त्वाचं आहे कारण आपली सावली पडली की किडा उडालाच. म्हणूनच पुढे खरी मॅक्रो लेन्स घ्याल तेव्हा ६० पेक्षा १०० एमएम बरी.

ट्रायपॉड किड्यांसाठी लगेच नको.

सामान आलं की आधी घरातला टॉवेल घ्या, सोलापुरात त्याला काय तोटा, तिरका धरून एफ ४, एफ ८, एफ १६ ला एकेक फोटो काढा आणि सुताचे किती फासे शार्प येतात ते मोजा. मग पहाटे रुईच्या झाडापाशी जा, पानाखाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची प्लेन टायगर फुलपाखराची अळी मिळाली तर ती हळू चालते, पळून जात नाही, भरपूर वेळ देते.