नेदरलँड्समध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी: घर ठरवण्यापूर्वी सायकलचा रस्ता पाहा

आइंडहोव्हन आणि वेल्डहोव्हन परिसरात नोकरीनिमित्त येणारी बहुतेक मराठी मंडळी घर शोधताना दोन प्रश्न हमखास विचारतात: भाडे किती, आणि आसपास आपली माणसे आहेत का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तरीही येथे बरीच वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या दोहोंच्या आधी तिसरा प्रश्न विचारायला हवा, आणि तो म्हणजे या घरातून कार्यालयापर्यंत सायकलने कसे जाता येते. भाड्याच्या घरांची येथे एवढी टंचाई आहे की एकदा घेतलेले घर मनात आले म्हणून बदलता येत नाही, त्यामुळे घाईत केलेल्या निवडीचा परिणाम रोज सकाळ-संध्याकाळ भोगावा लागतो.

अंतराचा अंदाज प्रथम बांधून घ्यावा. साध्या सायकलसाठी साडेसात किलोमीटरपर्यंतचे आणि विजेच्या सायकलसाठी साधारण पंधरा किलोमीटरपर्यंतचे अंतर रोजच्या जाण्यायेण्यास सोयीचे, असे येथील वाहतूक नियोजनात सर्वसाधारणपणे धरले जाते. कामावर सायकलने जाणारे बहुतेक लोक प्रत्यक्षात याहून कमीच अंतर कापतात. ताशी पंधरा ते अठरा किलोमीटर हा निवांत वेग मानला, तर सात किलोमीटरला तेवीस ते अठ्ठावीस मिनिटे लागतात आणि अंगाला घामही येत नाही. आइंडहोव्हनच्या मुख्य रेल्वे स्थानकाच्या परिसरातून वेल्डहोव्हनमधील एएसएमएल ही चिपनिर्मितीची यंत्रे बनवणारी कंपनी किंवा शहराच्या दक्षिणेकडील हाय टेक कॅम्पस हे तंत्रज्ञान कंपन्यांचे संकुल या मर्यादेत बसतात. शेजारच्या हेल्मंड शहरातून वेल्डहोव्हन मात्र साध्या सायकलच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेथे भाडे कमी पडते म्हणून राहायचे असेल, तर रेल्वेची जोड गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

नकाशावरचे सरळ अंतर मात्र फसवे असते. मध्ये महामार्ग, लोहमार्ग किंवा कालवा आला, तर तो ओलांडण्याचा भुयारी मार्ग किंवा पूल कोठे आहे यावर खरे अंतर ठरते. फीटसर्सबोन्ड ही सायकलस्वारांची संघटना १९७५ पासून काम करीत आहे आणि तिच्या मार्गशोधकात सायकलचा प्रत्यक्ष रस्ता पाहता येतो. त्यावर मार्ग पाहून झाला, की भाडेकरारावर सही करण्यापूर्वी कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास एकदा तो रस्ता स्वतः सायकलने करून पाहावा. पायाभूत सुविधांचे आराखडे तयार करणाऱ्यांसाठी क्रो या डच संस्थेने सायकल वाहतुकीची जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे, तिच्यात मार्ग तपासण्याच्या पाच कसोट्या दिल्या आहेत: सलगता, सरळपणा, सुरक्षितता, आराम आणि आकर्षकता. घर पाहणाऱ्यालाही त्या तंतोतंत लागू पडतात, आणि माझ्या मते पहिल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या आहेत. सात किलोमीटरचा सलग मार्ग हा चार ठिकाणी तुटणाऱ्या पाच किलोमीटरच्या मार्गापेक्षा रोजच्या वापरात जवळचा ठरतो.

नवीन आलेल्यांचा एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. डच लोकांच्या रक्तातच सायकल आहे, असे आपल्याकडे फार ऐकू येते. वास्तविक दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत या देशानेही शहरे मोटारींच्या स्वाधीन केली होती, कालवे बुजवून रस्ते रुंद केले होते आणि सायकलींचे प्रमाण झपाट्याने घटत चालले होते. १९७१ मध्ये सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यातून ‘स्टॉप द किंडरमोर्ड’, म्हणजे मुलांची हत्या थांबवा, असे थेट नाव घेतलेली चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलसंकटात रविवारी मोटारी बंद ठेवण्याचा आदेश निघाला आणि मोकळे रस्ते कसे दिसतात हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे हेग आणि टिलबर्ग येथे प्रायोगिक सायकल मार्ग बांधण्यात आले, परंतु एखाददुसरा उत्तम मार्ग बांधल्याने शहराच्या सवयी फारशा बदलत नाहीत, असे दिसून आले. म्हणून १९८० च्या दशकात डेल्फ्टने संपूर्ण शहरभर जाळे विणण्याची योजना राबवली. पदपथावरून सुरू होऊन एखाद्या विजेच्या खांबापाशी संपणारे पुण्यातील सायकल मार्ग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या धड्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

उट्रेख्तजवळचे हाउटन हे गाव तर एका रविवारी मुद्दाम जाऊन पाहावे. तेथे मोटारीला एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायचे असेल, तर आधी गावाबाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर यावे लागते. सायकल मात्र गावाच्या मधून, स्थानकावरून आणि शाळांजवळून सरळ जाते. म्हणजे जवळचा रस्ता सायकलला आणि लांबचा मोटारीला, अशी विभागणी आराखड्यातच केलेली आहे. आइंडहोव्हन आणि वेल्डहोव्हन यांच्या सीमेवर २०१२ मध्ये खुला झालेला होव्हनरिंग हा तारांवर तोललेला गोलाकार सायकल पूल याच विचाराचे अधिक दिमाखदार रूप आहे. चढ सौम्य राहावा म्हणून तेथे खालचा मोटारींचा चौकच आणखी खोल नेण्यात आला.

घर आणि कार्यालय वेगवेगळ्या शहरांत असेल, तर रेल्वे आणि सायकल यांची सांगड घालावी लागते. येथील रेल्वे प्रवाशांपैकी फार मोठा भाग घरापासून स्थानकापर्यंत सायकलनेच येतो. उट्रेख्त स्थानकाखालील वाहनतळावर १२,५०० सायकली मावतात आणि पहिले २४ तास शुल्क लागत नाही. घडीची सायकल मिटवून गाडीत केव्हाही विनाशुल्क नेता येते. अखंड सायकलीला वेगळे तिकीट लागते आणि कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी ती नेता येत नाही. त्यामुळे उतरण्याच्या स्थानकावर ओव्ही-फीट्स ही भाड्याची सायकल घेणे किंवा तेथे एक जुनी सायकल कायमची ठेवणे, हे दोन पर्याय लोक वापरतात. स्थानकाबाहेर मनाई असलेल्या जागी सायकल ठेवल्यास नगरपालिका ती उचलून नेते आणि सोडवून आणण्यात अर्धा दिवस आणि पैसे दोन्ही जातात.

सायकल घेताना उंचीकडे लक्ष द्यावे. येथील सर्वसाधारण सांगाडा आपल्याकडील सरासरी उंचीच्या माणसाला, विशेषतः स्त्रियांना, मोठा पडतो, आणि सिग्नलला थांबल्यावर पाय जमिनीला टेकत नाही. जुन्या पद्धतीच्या अनेक सायकलींना हातात ब्रेक नसतो. पेडल उलटे फिरवले की त्या थांबतात. याची सवय रिकाम्या मैदानात करून घ्यावी, रहदारीत करू नये. वापरलेली सायकल संशयास्पद स्वस्तात मिळत असेल, तर घेऊ नये, कारण चोरीचा माल घेणे हाही गुन्हा आहे. सांगाड्यावरचा क्रमांक सरकारी नोंदीत तपासता येतो. कुलपे दोन हवीत, मागच्या चाकाचे कडीकुलूप आणि खांबाला बांधण्याची जाड साखळी.

नियमांपैकी आपल्या माणसांना अडचणीत आणणारे तेवढे सांगतो. वाहतूक उजव्या बाजूने चालते. कोणतीही खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी असतो. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतील आणि त्यांची टोके तुमच्याकडे असतील, तर दुसऱ्याला वाट देणे तुमचे काम आहे. ट्रामशी हुज्जत घालू नये. वळण्यापूर्वी हात दाखवावा. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सक्तीचा आहे, आणि १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना फोन हातात धरणे दंडनीय आहे. साध्या सायकलीवर हेल्मेट सक्तीचे नाही. परंतु ताशी ४५ किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या विजेच्या सायकलीला मोपेडचे नियम, क्रमांकपट्टी आणि हेल्मेट लागू होते. पावसाची भीती बाळगू नये, चांगला रेनसूट पुरतो. खरा त्रास समोरून येणाऱ्या वाऱ्याचा असतो आणि तो वेळेच्या हिशेबात धरावा लागतो.

पैशांचेही पाहून घ्यावे. कंपनी कामावर जाण्यायेण्याचा जो करमुक्त भत्ता देऊ शकते, त्याची मर्यादा २०२४ मध्ये दर किलोमीटरला २३ सेंट झाली आणि सायकलने जाणाऱ्यालाही तो देता येतो. मात्र तो देणे न देणे कंपनीच्या किंवा सामूहिक कराराच्या नियमांवर अवलंबून असल्याने नेमणूकपत्रात शोधावे. काही कंपन्या आपल्या मालकीची किंवा ठरावीक मुदतीसाठी हप्त्यांवर घेतलेली सायकल वापरायला देतात. तिचा खाजगी वापर असल्यास, २०२० पासून लागू असलेल्या नियमानुसार तिच्या मूळ किमतीच्या ७ टक्के रक्कम दरवर्षी करपात्र उत्पन्नात धरली जाते, आणि अशी सायकल घेतली की त्या प्रवासाचा प्रतिकिलोमीटर करमुक्त भत्ता सहसा मिळत नाही. विजेची महाग सायकल या मार्गाने परवडते खरी, परंतु आपल्यापैकी अनेक जण दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात. तेव्हा मुदतीपूर्वी राजीनामा दिल्यास उरलेले हप्ते कोणाच्या माथी पडतात, हे मनुष्यबळ विभागाकडून लेखी घेऊन मगच सही करावी.