फिरतीवरचं इंटरनेट: दोन सिम आणि एक चांगली केबल

महिन्याचे दहा-पंधरा दिवस चाकण, वाळूज, कोल्हापूर, मडगाव अशी फिरती असेल तर लॅपटॉपला नेट देणारा वेगळा डोंगल घेऊ नका. त्याला वेगळं सिम आलं, वेगळं रिचार्ज आलं, चार्जिंगची कटकट आलीच. हे काम खिशातला फोन करतो. फक्त त्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम हवीत. एकाच कंपनीची दोन घेतलीत तर कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही एकदमच मुकी होतात.

पहिल्या सिमवर रोज २ जीबी किंवा जास्त डेटाचा पॅक ठेवा. जुलै २०२४च्या दरवाढीत जिओ आणि एअरटेलने अमर्याद ५जी अशा पॅकपुरतंच ठेवलं. तरी रिचार्जआधी ॲपमध्ये ते लिहिलंय का बघा. यात एक मेख आहे. गाव सोडलं की फोन गुपचूप ४जीवर उतरतो आणि तिथपासून रोजचा कोटा खर्ची पडू लागतो. हॉटस्पॉट चालू असेल तर दुपारीच 'डेटा संपला' असा मेसेज येतो. म्हणून मोठी फाईल चढवण्याआधी वर कोपऱ्यात ५जी दिसतंय ना, एवढं बघायचं.

दुसरं सिम कुठलं घ्यायचं हे जाहिरातीवरून ठरवू नका. नेहमीच्या कारखान्याच्या गेटवरच्या सिक्युरिटीला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं. या सिमवर सगळ्यात स्वस्त व्हॅलिडिटीचा पॅक पुरतो, लागेल त्या दिवशी वर डेटा व्हाउचर, म्हणजे नुसत्या जादा डेटाचं रिचार्ज, मारायचं. नुसतं व्हाउचर बऱ्याचदा चालत नाही, खाली चालू पॅक लागतो. ९० दिवस अजिबात न वापरलेलं प्रीपेड सिम बंद होऊ शकतं, तेव्हा बँकेचे ओटीपी यावर घेऊ नका.

बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर कॉल आला की दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो आणि लॅपटॉपवरची मीटिंग तुटते. सिमच्या सेटिंगमध्ये कॉलदरम्यान डेटा चालू ठेवण्याचा पर्याय असतो, तो आधीच चालू करा.

हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी टेदरिंग, म्हणजे केबलने फोनचं नेट लॅपटॉपला देणं, बरं: फोन कमी तापतो, चार्जही होत राहतो. केबल लावा आणि मगच सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, कारण केबल लागेपर्यंत ते बटण फिकटच राहतं. केबल लावूनही फिकट असेल तर ती नुसती चार्जिंगची केबल आहे. तिच्यात डेटाच्या तारा नसतात. स्टँडबाहेर पन्नास रुपयांना मिळते ती बहुधा हीच.

पैसे खरे गळतात ते लॅपटॉपमधून. विंडोजचे अपडेट आणि फाइली आपोआप ऑनलाइन चढवणारं वनड्राइव्ह मिळून दिवसाचा कोटा तासाभरात संपवू शकतात. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, आपल्या हॉटस्पॉटचे प्रॉपर्टीज, तिथे 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, म्हणजे विंडोज मागच्या मागे डेटा कमी ओढतं. टेदरिंग मात्र विंडोजला इथरनेट म्हणून दिसतं, त्यामुळे केबल लावल्यावर इथरनेटखाली हेच पुन्हा करावं लागतं. बहुतेकजण इथेच फसतात. मॅकवर याला 'लो डेटा मोड' म्हणतात.

व्हिडिओ मीटिंगला तासाला १ जीबीच्या आसपास डेटा जातो, नुसत्या आवाजाला १०० एमबीसुद्धा लागत नाही. आपण बोलत नसू तेव्हा कॅमेरा बंद, आणि समोरच्यांचे व्हिडिओही बंद करता आले तर उत्तमच.

रेल्वेगाडीत मीटिंग ठेवायची असेल तर आधी मार्ग आठवा. कर्जत-लोणावळा घाटात आणि कोकण रेल्वेवर बोगद्यांची रांग आहे, एकटा कारबुडेच सुमारे साडेसहा किलोमीटरचा. तेवढ्या वेळात ऑफलाइन काम उरका. स्टेशनवर रेलवायर हे रेल्वेचं वाय-फाय रोज पहिली ३० मिनिटं फुकट मिळतं, मोबाइलवर ओटीपी येतो. लॉगिनचं पान उघडत नसेल तर कंपनीचा व्हीपीएन किंवा फोनमधला 'प्रायव्हेट डीएनएस' आडवा येत असतो. लॉगिनपुरता तो बंद करा आणि झाल्यावर लगेच परत चालू करा.

जम्मू-काश्मीरला जायचं असेल तर इथलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. फर्म जीएसटीत असेल तर दोनपैकी एक सिम तसंही फर्मच्या नावावर पोस्टपेड घ्या. बिलावर फर्मचा जीएसटी नंबर आला की धंद्यासाठीच्या वापरावर भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं.