सायकॉलॉजी शिकायचंय? आधी वही घ्या, पुस्तक नंतर

पुस्तक उघडायच्या आधी एक वही घ्या आणि पहिल्या पानावर मनाबद्दल तुम्हाला आत्ता जे जे पक्कं माहितंय ते लिहून काढा. दहा-बारा ओळी, कुणाला विचारायचं नाही, गुगल करायचं नाही. माझ्या भाचीने यंदा बीएला सायकॉलॉजी घेतलं, लातूरला रूम करून राहते, तिला हे सांगितलं तर म्हणाली मामा आधी सिलॅबस तर येऊ दे. म्हणलं सिलॅबस येईल गं, पण एकदा वाचून झालं ना की आपल्याला आधी काय वाटायचं तेच आठवत नाही, मग प्रत्येक गोष्टीला "हे तर मला माहितच होतं" असं वाटतंय. ह्याला हाइंडसाइट बायस म्हणतात, आणि ह्याच्यामुळंच अर्धे लोक ह्या विषयाला उगं कॉमन सेन्स समजायलेत.

तिच्या पानावर जे आलं तेच थोड्याफार फरकाने तुमच्याही येईल बघा. माणूस मेंदू दहा टक्केच वापरतो. डावा मेंदू गणिताचा, उजवा कलेचा. काही पोरं बघून शिकतात, काही ऐकून. अमावस्या-पौर्णिमेला डोकं फिरतं. राग बाहेर काढला की उतरतो. मी एका वेळी दोन कामं करू शकते. आणि सगळ्यात शेवटी, किल्लारीच्या भूकंपाची रात्र आज्जीला जशीच्या तशी आठवते.

आता प्रत्येक ओळीपुढं लाल पेनने एकच शब्द लिहा. कशावरून?

पहिल्या युनिटमधलं तत्त्वज्ञान बहुतेक पोरं गाईडमधून पाठ करून सोडून देतात, मीही तेच केलं होतं, आणि तिथंच चुकलं. तत्त्वज्ञान म्हणजे हाच प्रश्न, तो लोकांनी हजारो वर्षं नुसता लावून धरला. आपल्याकडं चार्वाक म्हणायचे की डोळ्यासमोर दिसतंय तेवढंच खरं. न्याय दर्शनवाल्यांनी चार प्रमाणं, म्हणजे खरं कळायचे चार मार्ग, मानली, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, आणि शब्द म्हणजे कुणीतरी सांगितलं म्हणून मानणं, पण तिथंही त्यांची अट होती की सांगणारा आप्त पाहिजे, म्हणजे भरवशाचा जाणता माणूस. व्हॉट्सअपचा फॅमिली ग्रुप ह्यात बसत नाही.

दुसरा जुना प्रश्न असा की मनाकडं बघायचं तर बघणारा कोण? आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबच्या रामदासांनी मनालाच समोर बसवून श्लोकामागून श्लोक समजावून सांगितलं, लहानपणी आपण सगळ्यांनी ते पाठ केलेत, पण समजावणारा कोण आणि ऐकणारा कोण, दोघं एकाच डोक्यात कसे, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं का? तिकडं देकार्त नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४१ मध्ये मन आणि शरीर ह्या दोन वेगळ्याच जातीच्या वस्तू आहेत असं मांडलं. तर १६४३ मध्ये बोहेमियाच्या एलिझाबेथ नावाच्या राजकन्येने त्याला पत्र लिहून सरळ विचारलं, की मनाला वजन नाही, आकार नाही, मग ते हात कसा काय हलवतं? देकार्त पुढं मेंदूतल्या पिनियल ग्रंथीकडं बोट दाखवतो, पण त्याने काही भागत नाही, ग्रंथीही शेवटी शरीरच की. मला विचाराल तर ह्या बाईचा प्रश्न हाच खरा पहिला धडा. मग इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणाला मन कोऱ्या कागदासारखं, अनुभव त्यावर लिहितो, आणि जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८६ मध्ये सांगून टाकलं की मनाचं खरंखुरं विज्ञान होऊच शकत नाही, कारण तिथं गणित चालत नाही.

नावं आणि सनावळ्या पाठ करण्यात जीव घालवू नका. वहीत एवढंच लिहा की हा माणूस कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायलाय. म्हणजे कांटसमोर फेख्नर नावाचा जर्मन शास्त्रज्ञ आपोआप येऊन बसतो, ज्याने १८६० मध्ये वजन किती वाढवलं की माणसाला फरक जाणवतो असल्या गोष्टींचं चक्क गणित मांडलं. मग १८७९ मध्ये व्हुंटने लाइपझिगला प्रयोगशाळा काढली आणि तेव्हापासून हा विषय वेगळा मोजतात. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये ह्याचा विभाग सुरू झाला.

आता करून बघायचं काम. मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि क पासून ञ पर्यंत दहा अक्षरं म्हणा, मग एक ते दहा आकडे म्हणा, दोन्हीचा वेळ लिहा. आता आलटून पालटून म्हणा, क एक, ख दोन, ग तीन, असं. तेवढीच अक्षरं, तेवढेच आकडे, पण वेळ बघा केवढा वाढतो, आणि झ च्या आसपास हमखास गाडी अडकते. भाचीने तीनदा केलं, तीनदा चिडली, आणि मग स्वतःच जाऊन "दोन कामं" वाल्या ओळीवर काट मारून आली. लक्ष लागणारी दोन कामं सहसा एकदम होत नसतात, लक्ष इकडून तिकडं उड्या मारतं आणि प्रत्येक उडीला वेळ जातो. चालता चालता बोलणं जमतं कारण चालायला फारसं लक्ष लागत नाही. गाडी चालवताना फोनवर बोलायला मात्र लागतं, दोन्हीकडं.

गंमत अशी की न्यायसूत्रांत मनाची खूणच अशी सांगितलीय की दोन ज्ञानं एकाच क्षणी उपजत नाहीत. त्यावर वाद घालणारे म्हणायचे, लांबलचक कुरकुरीत पुरी खाताना चव, वास, आवाज, सगळं एकदमच कळतं की! तर उत्तर तयार, कमळाच्या शंभर पाकळ्यांची चवड करून सुई घातली तर एकदम भोसकल्या असं वाटतं, पण सुई जाते एकामागून एकच. स्टॉपवॉच नसताना हे लोक इथवर आले होते. पण सुई खरंच एकामागून एक जाते का हे मोजायला कुणी बसलं नाही, तत्त्वज्ञान आणि सायकॉलॉजी ह्यांच्यात फरक असेल तर तो एवढाच. आजचे संशोधकही ह्यावर अजून भांडायलेतच.

दुसरा प्रयोग एबिंगहाउसचा, १८८५ चा, आणि लातूरच्या क्लासवाल्या पोरांनी तर हा करायलाच पाहिजे. ह्या माणसाने स्वतःवरच प्रयोग केले. तुम्ही झेब, टुख, मोफ, ठिव असले तेरा निरर्थक शब्द बनवा आणि न बघता बिनचूक म्हणता येईपर्यंत पाठ करा, किती मिनिटं लागली लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तीच यादी परत पाठ करा आणि परत वेळ लिहा. पहिल्यांदा दहा मिनिटं लागली आणि दुसऱ्यांदा साडेसहा, तर तुमची पस्तीस टक्के मेहनत वाचली, तेवढंच डोक्यात शिल्लक होतं असं धरायचं. त्याची स्वतःची बचत वीसेक मिनिटांनी ५८ टक्के, एका दिवसाने ३४ आणि एक महिन्याने २१ टक्के निघाली. म्हणजे गळती पहिल्या तासा-दोन तासांतच जास्त, नंतर हळूहळू. मग परीक्षेच्या आदल्या रात्री सहा तास बसण्यापेक्षा तेच सहा तास सहा दिवसांत वाटून बसलेलं काहून बरं, ते तुम्हीच सांगाल.

आता ती शेवटची ओळ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं, गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. मी सहा वर्षांचा, आमचं गाव औसा तालुक्यात. मला ती रात्र स्पष्ट आठवते, आधी म्हशीचं ओरडणं, मग डोक्यावरचे पत्रे थडथड वाजायला लागले, आईने मला हाताला धरून फरफटत अंगणात आणलं, पत्र्यांचा तो आवाज आजही कानात आहे. हे मी कॉलेजात मित्रांना सांगितलं, बायकोला सांगितलं, एकदा तर वर्गात उभं राहून सांगितलं. पाच-सहा वर्षांपूर्वी आईसमोर सांगत होतो तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अरे पत्रे कुठं होते तवा, माळवद होतं की." खरंच माळवद होतं, म्हणजे मातीचं सपाट छत. मातीच्या जड माळवदांनी आणि दगडी भिंतींनी तेव्हा माणसं मारली, म्हणून त्याच्यानंतर लोकांनी पत्रे टाकले, आम्हीही त्यातलेच. म्हणजे जो आवाज मला सगळ्यात पक्का आठवतो तो त्या रात्री व्हायला जागाच नव्हती. बहुतेक नंतरच्या कुठल्यातरी वादळाचा आवाज मी नेऊन त्या रात्रीला चिकटवलाय. आणि हे कळून चुकल्यावरही तो ऐकू येतोच, ही खरी मजा.

आठवण म्हणजे कॅमेऱ्यातलं शूटिंग नसतं, दर वेळी ती नव्याने मांडली जाते आणि मांडताना आजूबाजूचं सामान आत येतं. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर ह्यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या धडकेची फिल्म दाखवली आणि मग वेग विचारला, काहींना "गाड्या आदळल्या तेव्हा" असं, काहींना "धडकल्या तेव्हा" असं. शब्द जोरदार, म्हणजे "आदळल्या", असला की लोकांनी वेगही जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं काच फुटलेली दिसली का, तर जोरदार शब्दवाल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, दुसऱ्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये फुटकी काच नव्हतीच. अमेरिकेत १९८६ मध्ये चॅलेंजर यान फुटलं तेव्हा उल्रिक नायसरने दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठं, कशी कळली, आणि अडीच-तीन वर्षांनी परत विचारलं. बऱ्याच जणांची हकिकत बदललेली, पण खात्री मात्र शाबूत.

तुम्ही घरात हे असं करा. एखादं लग्न नाहीतर २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तो काळ घ्या, तिघांना वेगवेगळं बसवून विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. एकत्र बसवलं की पहिला जे बोलला तेच बाकीच्यांना आठवायला लागतं. "मग खूप पाऊस होता ना?" असं विचारायचं नाही, "मग काय झालं?" एवढंच. आणि नंतर फोटो काढून ताडून बघा. ज्यांच्या घरातलं माणूस भूकंपात गेलंय त्यांना मात्र वहीसाठी किल्लारी विचारू नका, तेवढी अक्कल सायकॉलॉजीच्या आधी पाहिजे.

बाकी ओळी पटापट काढून टाकू. दहा टक्के मेंदू ही निव्वळ थाप, मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के आणि ऊर्जा खातो वीस टक्के, नव्वद टक्के रिकामं ठेवून एवढं कोण पोसेल? डावा-उजवा मध्ये थोडं खरं आहे, बोलण्याचं काम बहुतेकांत डावीकडं चालतं, आणि मेंदूच्या दोन भागांमधला जोड तोडल्यावर काय होतं ह्यावरच्या कामासाठी स्पेरीला १९८१ चं नोबेल मिळालं, पण म्हणून माणूस "उजव्या मेंदूचा" नसतो. बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, ह्याचा २००८ मध्ये पॅशलर आणि मंडळींनी आढावा घेतला तर त्या पद्धतीने शिकवल्याने फायदा होतो असा धड पुरावा सापडला नाही, आवड वेगळी असते एवढं खरं. पौर्णिमेवरचे ३७ अभ्यास १९८५ मध्ये एकत्र तपासले, त्यात दम निघाला नाही. आणि राग, बुशमनच्या २००२ च्या प्रयोगात ज्याचा राग आलाय त्याला आठवत पिशवीवर ठोसे मारणारे उलट जास्त तापले, गप बसलेले कमी. गादी बडवू नका.

पुस्तकालाही हाच लाल पेन लावा बरं का. २०१५ मध्ये सायकॉलॉजीतलेच १०० प्रयोग परत करून बघितले तर जेमतेम ३६ टक्के ठिकाणी ठोस निकाल परत आला. काही जण म्हणायलेत म्हणजे विषयच फुसका. मी म्हणतो स्वतःच्या चुका मोजून छापणारे किती जण आहेत सांगा.

एक धोका आहे. महिनाभर वाचलं की भाऊ नार्सिसिस्ट, मैत्रीण बायपोलर दिसायला लागते. आजाराचं निदान करणं आपलं काम नाही. गोळ्या लिहिणारा सायकियाट्रिस्ट, तो एमबीबीएस करून पुढं शिकलेला डॉक्टर असतो, सायकॉलॉजिस्ट वेगळा. आणि आपल्या भागात एक गैरसमज फार महागात पडतो, की मरायचा विचार येतो का असं विचारलं तर माणसाच्या डोक्यात ते भरतं. तसं होत नाही, हे बऱ्याच अभ्यासांत तपासलंय, विचारल्याने बऱ्याचदा माणूस मोकळा होतो. म्हणून शेजारी, मामा, मित्र, कुणीही फार गप झालेला दिसला तर बाजूला घेऊन सरळ विचारा, ऐकून घ्या, एकटं सोडू नका आणि सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ लावून द्या, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंतर असा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न धरता तो तीव्र ताणात होता असंच आधी धरायचं आहे, हे गावात बऱ्याच जणांना अजून माहित नाही.

पुस्तक म्हणाल तर बालभारतीचं अकरावी-बारावीचं मानसशास्त्र आधी वाचा, बीएवाल्यांनीही, लाजायचं काम नाही. रोज चार पानं, आणि रोज एक कशावरून. वही दोनशे पानी घ्या, भाचीची शंभर पानी दिवाळीच्या आधीच संपली.