स्प्रिंग लिव्हर एस्प्रेसो यंत्रावर दुसरा कप कडू होऊ नये म्हणून

इटलीच्या ‘एलेक्ट्रा मिक्रोकासा आ लेवा’सारख्या, दांडा ओढून स्प्रिंगच्या जोरावर कॉफी काढणाऱ्या जुन्या घरगुती यंत्रावर पहिला कप सुरेख उतरतो, पण बॉयलरच्या उष्णतेने वरचे धातूचे डोके (ज्यातून गरम पाणी कॉफीत उतरते तो भाग) तापत जात असल्यामुळे दुसरा-तिसरा कप करपट, कडू लागतो. त्यासाठी यंत्र बंद करून ताटकळण्याची गरज नाही.

१. पहिल्या कपाचा चोथा काढून पोर्टाफिल्टर (कॉफी भरून डोक्याला बसवायची मुठीची चाळणी) नळाखाली १५-२० सेकंद धरावा आणि कोरडा पुसावा.

२. तो गार, रिकामा पोर्टाफिल्टर डोक्याला अर्धा मिनिट बसवून ठेवावा. जाड पितळ डोक्यातील उष्णता ओढून घेते आणि काढताना त्याची कड चांगलीच गरम लागते. चौथ्या कपापर्यंत हे दोनदा करावे लागते.

३. मग कॉफी भरून दांडा (लिव्हर) पूर्ण खाली ओढावा, पहिले थेंब दिसेपर्यंत तेथेच धरावा आणि स्प्रिंगचा जोर लागल्यावरच हळूहळू सोडावा.

दांडा पूर्ण वर येऊन धार थांबल्यावरही पोर्टाफिल्टर लगेच फिरवू नये, कारण आत उरलेल्या दाबाने उकळता चोथा अंगावर उडतो. अर्धा मिनिट थांबावे, मग किंचित सैल करून वाफ निघून जाऊ द्यावी.